संगणकाला वाक्याचा अर्थ कसा द्यायचा: हाताने बांधायची एक छोटी प्रणाली

"मीनाच आली नाही" आणि "मीना आलीच नाही" ही दोन वाक्ये शेजारी ठेवून वाचा. शब्द तेच आहेत, फक्त एका 'च'ने जागा बदलली आहे. पहिले वाक्य ऐकल्यावर बाकीचे सगळे आले होते हे कोणी न सांगता कळते. दुसऱ्यावरून बाकीच्यांबद्दल काहीच कळत नाही.

संगणकाला हा फरक कळला की नाही हे कसे ओळखायचे? त्याला विचारायचे, "मग रवी आला का?" पहिल्या वाक्यानंतर "हो" आणि दुसऱ्यानंतर "सांगता येत नाही" असे उत्तर आले, तर तेवढ्यापुरता अर्थ त्याच्या हाती लागला आहे. वाक्यावरून कोणते निष्कर्ष निघतात आणि कोणते निघत नाहीत, एवढ्यावरच अर्थाच्या कोणत्याही मांडणीची परीक्षा होते, असे माझे ठाम मत आहे. हे निष्कर्ष ज्यांच्यावर फिरतात ते शब्द बहुधा अगदी लहान असतात: च, ही, नाही, प्रत्येक, एक, जर, शिवाय. त्यांच्याकडे दुर्लक्ष करून बांधलेली प्रणाली मोठ्या शब्दांवर कितीही हुशार दिसली, तरी ऐन वेळी चुकीचे उत्तर देते.

खाली अशी एक छोटी प्रणाली हाताने बांधायची रीत दिली आहे. पायथनची जुजबी ओळख आणि शाळेतले मराठी व्याकरण एवढ्यावर काम भागते. व्याकरणाचा उपयोग पायथनपेक्षा जास्त होईल.

आधी प्रश्नपत्रिका काढा

कोडची एक ओळही लिहिण्याआधी वाक्यांच्या पन्नासेक जोड्या लिहून काढा. प्रत्येक जोडीत एक किंवा अधिक गृहीत वाक्ये आणि एक तपासायचे वाक्य असू द्या. उत्तरे तीनच ठेवा: निघते, विरुद्ध आहे, सांगता येत नाही. तिसरे उत्तर वगळायचा मोह होतो, पण सगळी मौज त्यातच आहे. जी प्रणाली "सांगता येत नाही" असे म्हणू शकत नाही, ती अंदाज करत असते.

या पद्धतीला जुना आधार आहे. 'फ्राकास' या युरोपीय प्रकल्पाने १९९६ मध्ये नेमक्या अशाच ३४६ प्रश्नांचा संच तयार केला. प्रत्येक, काही, फक्त, अनेकवचन, काळ, सर्वनामे अशा एकेका भाषिक घटनेवर त्यात प्रश्न आहेत. संच छोटा आहे, पण प्रत्येक प्रश्न कशासाठी आहे हे ठाऊक असल्यामुळे चूक झाली की ती कुठे झाली हे लगेच सापडते.

जोड्या लिहिताना एका वेळी एकच गोष्ट बदला. 'आली' बदलून 'आली नाही' केले तर बाकी काही हलवू नका. सर्वनामांच्या जोड्यांत मराठीपुरती एक खास काळजी घ्यावी लागते. "पेटी गाडीत मावली नाही, कारण ती फार मोठी होती" या वाक्यात 'ती' म्हणजे पेटी. 'मोठी'च्या जागी 'लहान' घाला, 'ती' लगेच गाडी होते. हे ओळखायला वस्तू मावण्याविषयीचे ज्ञान लागते. हेक्टर लेव्हेक यांनी सुचवलेली, टेरी विनोग्राड यांच्या नावाने ओळखली जाणारी कसोटी याच कल्पनेवर उभी आहे. पण पेटीऐवजी 'खोका' लिहिलात की सर्वनाम 'तो' होते आणि लिंगावरूनच उत्तर फुटते, यंत्राला विचार करायची गरजच उरत नाही. इंग्रजीतल्या जोड्या मराठीत आणताना ही गफलत फार होते. म्हणून दोन्ही नामे एकाच लिंगाची घ्या.

आणि जग लहान ठेवा. विनोग्राड यांनी १९६८ ते १९७० या काळात एमआयटीत लिहिलेला 'श्रडलू' हा प्रोग्रॅम टेबलावरच्या रंगीत ठोकळ्यांबद्दल इंग्रजीत संवाद करायचा. त्याचे जग ठोकळ्यांपुरतेच होते, म्हणून त्याला ते जमले. आपणही एक सभा, तिचे सभासद, त्यांची पुस्तके आणि अर्ज एवढेच जग घेऊ.

अक्षरांपाशी थांबा

या पायरीवर वेळ देणे अनेकांना कमीपणाचे वाटते. माझा अनुभव उलटा आहे. अर्थाच्या म्हणून दिसणाऱ्या बऱ्याच चुका खरे तर अक्षरांच्या असतात.

'दऱ्या' हा शब्द दोन प्रकारे साठवलेला आढळतो. एका प्रकारात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग 'य'. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त, शून्य रुंदीचा अदृश्य जोडक आणि मग 'य'. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात. युनिकोड या अक्षरसंकेताचे नेहमीचे प्रमाणीकरण त्यांना एक करत नाही, ते काम स्वतः करावे लागते. कोणतेही एक रूप ठरवा आणि मजकूर आत येतानाच सगळे त्यात बदलून घ्या.

दुसरा धोका तयार मॉडेलांत असतो. गूगलने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बर्ट या भाषामॉडेलाच्या, म्हणजे पुष्कळ मजकुरावरून भाषा शिकलेल्या प्रोग्रॅमच्या, बहुभाषी आवृत्तीची दोन रूपे आहेत. त्यांतले इंग्रजी मोठी आणि लहान अक्षरे एक करणारे रूप अक्षरांवरची 'चिन्हे'ही पुसून टाकते. फ्रेंच अक्षरांवरच्या खुणा पुसल्या तर फारसे बिघडत नाही. देवनागरीत मात्र उकार, एकार, अनुस्वार आणि हलन्त ही सगळीच चिन्हे त्या वर्गात मोडतात. त्यामुळे 'पुस्तके' या शब्दाचे 'पसतक' होते. 'मूल', 'मुले', 'मेल' आणि 'मैल' हे चारही शब्द 'मल' होऊन बसतात. अशा मॉडेलाकडून अर्थाची अपेक्षा कशी करायची? कोणतेही मॉडेल घ्या, आधी त्याच्या टोकनायझरमधून, म्हणजे मजकुराचे तुकडे करणाऱ्या भागातून, दहा मराठी शब्द घालून बाहेर काय पडते ते डोळ्यांनी बघा.

तिसरे काम प्रत्यय सोडवण्याचे. 'मीनानेच' म्हणजे मीना, ने, च. हे सोपे वाटते म्हणून शेवटचा 'च' तोडणारा नियम लिहिला जातो आणि तो 'पाच', 'काच', 'लाच', 'उंच' यांचेही तुकडे करतो. 'ही' तोडणारा नियम त्याहून घातक आहे. तो 'वही' आणि 'सही' तर मोडतोच, पण 'नाही'चे 'ना' अधिक 'ही' करून वाक्यातला नकारच गायब करू शकतो. म्हणून क्रम असा ठेवा: अख्खा शब्द आधी कोशात शोधा, सापडला नाही तरच शेवटापासून एकेक प्रत्यय सोडवा, आणि उरलेले सामान्यरूप कोशात आहे याची खात्री झाल्याशिवाय फोड मान्य करू नका. एकापेक्षा जास्त फोडी निघाल्या तर सगळ्या पुढे पाठवा. 'मुलाने' या रूपामागे 'मुलगा'ही असू शकतो आणि 'मूल'ही. इथेच एकाची निवड करायचे कारण नाही.

'ला' कोणकोणती कामे करतो

आता कोणी कोणाला काय केले ते ठरवायचे. "मीनाने पुस्तक वाचले" यात क्रियापद पुस्तकाप्रमाणे चालते, मीनाप्रमाणे नाही. त्यामुळे क्रियापदाशी जुळणारे नाम म्हणजे कर्ता हा नियम मराठीत भूतकाळी सकर्मक क्रियापदाशी आला की उलटा पडतो. प्रत्ययाकडेच बघावे लागते, आणि प्रत्ययही एकाच कामाचा नसतो:

"मीनाला ताप आला." इथे मीना अनुभव घेणारी.
"त्याने मीनाला पाहिले." इथे कर्म.
"त्याने मीनाला पत्र दिले." इथे जिला मिळाले ती, म्हणजे संप्रदान.
"मीनाला दोन भाऊ आहेत." इथे नुसते नाते.
"मीनाला जायला हवे." इथे तिच्यावर कर्तव्य, आणि 'जायला'मधला 'ला' तर आणखी वेगळा.

उपाय कष्टाचा आहे पण खात्रीचा: प्रत्येक क्रियापदासाठी एक चौकट लिहायची. 'देणे' या क्रियापदाच्या चौकटीत तीन जागा: देणारा, दिलेली वस्तू, घेणारा. भूतकाळात देणाऱ्याला 'ने', घेणाऱ्याला 'ला', वस्तू बिनप्रत्ययाची. 'पाहणे'च्या चौकटीत कर्म सजीव असेल तर 'ला', निर्जीव असेल तर बहुधा काहीच नाही: "मुलाला पाहिले", पण "पुस्तक पाहिले". आपल्या छोट्या जगाला तीस क्रियापदे पुरतात. मी अशा चौकटी हातानेच लिहितो, कारण लिहिताना भाषेतल्या ज्या खाचाखोचा दिसतात त्या तयार यादी उतरवून घेताना दिसत नाहीत.

पाणिनीच्या व्याकरणातली सहा कारके, म्हणजे कर्ता, कर्म, करण, संप्रदान, अपादान आणि अधिकरण, हीच या चौकटीतल्या जागांची नावे म्हणून घ्या. कारक म्हणजे क्रियेशी असलेले नाते आणि विभक्ती म्हणजे ते दाखवणारे रूप, या दोन गोष्टी तिथे स्वच्छ वेगळ्या ठेवल्या आहेत. संगणकाला नेमके तेच हवे असते. भारतीय भाषांच्या वाक्यांची यंत्रासाठी फोड करताना अभ्यासकांनी कारकांचा आधार घेतला तो यामुळेच.

क्रियेलाच एक नाव द्या

"मीनाने काल सभागृहात पुस्तक वाचले." हे लॉजिकमध्ये कसे लिहाल? पहिला प्रयत्न सहसा असा होतो: वाचले(मीना, पुस्तक, काल, सभागृह). मग "मीनाने पुस्तक वाचले" हे वाचले(मीना, पुस्तक) होते. आपल्याला पहिल्यावरून दुसरे निघते हे उघड दिसते, पण यंत्राला चार जागांचे 'वाचले' आणि दोन जागांचे 'वाचले' ही दोन परकी विधेये वाटतात.

डोनाल्ड डेव्हिडसन या तत्त्वज्ञाने १९६७ मध्ये यावर सुंदर तोड सुचवली: क्रिया हीच एक वस्तू माना आणि तिला चल, म्हणजे तिच्या जागी उभे राहणारे एक अक्षर, द्या. कारकांची नाती वेगवेगळी लिहिण्याची पद्धत त्यावरच पुढे रुजली.

अशी एक घटना 'घ' आहे की: वाचन(घ) आणि कर्ता(घ, मीना) आणि कर्म(घ, पुस्तक) आणि काळ(घ, काल) आणि स्थळ(घ, सभागृह).

सगळे 'आणि'ने जोडलेले असल्यामुळे हवा तो तुकडा वगळता येतो. "मीनाने वाचले", "काल काहीतरी वाचले गेले", "सभागृहात काहीतरी घडले" हे सगळे निष्कर्ष फुकट मिळतात. कारकांच्या चौकटीही जशाच्या तशा इथे बसतात.

एक सावधगिरी. "मीना धावत होती" यावरून "मीना धावली" निघते. "मीना घर बांधत होती" यावरून "मीनाने घर बांधले" निघत नाही, काम अर्धवट राहिलेले असू शकते. म्हणून चौकटीत आणखी एक रकाना ठेवा: या क्रियेला ठरलेला शेवट आहे का? शेवट असलेल्या क्रियांसाठी 'पूर्ण(घ)' हे विधान वेगळे लिहा आणि 'बांधत होती' या रूपासाठी ते लिहू नका.

प्रत्येक आणि एक

शब्दांचे अर्थ जोडून वाक्याचा अर्थ बनवायला लॅम्डा हे साधन वापरतात. अलॉन्झो चर्च यांनी ते १९३० च्या दशकात घडवले. रिचर्ड माँटेग्यू यांनी १९७० च्या सुमारास त्याच्या मदतीने दाखवून दिले की नैसर्गिक भाषाही तर्कशास्त्राच्या भाषेइतक्याच काटेकोरपणे हाताळता येतात. लॅम्डा म्हणजे रिकामी जागा असलेले विधान. 'लॅम्डा क्ष. आला(क्ष)' याला 'रवी' दिला की 'आला(रवी)' मिळते.

'प्रत्येक' हा शब्द अशा दोन गोष्टींची वाट बघतो:

प्रत्येक = लॅम्डा अ. लॅम्डा ब. कोणताही क्ष घ्या: अ(क्ष) असेल तर ब(क्ष).
एक = लॅम्डा अ. लॅम्डा ब. असा क्ष आहे: अ(क्ष) आणि ब(क्ष).

'प्रत्येक सभासद आला' यात 'अ'च्या जागी 'सभासद' आणि 'ब'च्या जागी 'आला' भरा. मिळते: कोणताही क्ष घ्या, सभासद(क्ष) असेल तर आला(क्ष).

'जर-तर' आणि 'आणि' यांची इथे अदलाबदल करू नका. 'प्रत्येक'मध्ये 'आणि' घातला तर जगातली प्रत्येक वस्तू सभासद आहे आणि ती आली, असा अर्थ होतो, टेबलखुर्च्यांसकट. 'एक'मध्ये 'जर-तर' घातले तर सभासद नसलेली एखादी खुर्ची सापडली तरी विधान खरे ठरते. दुसरी चूक जास्त लबाड, कारण तिच्यामुळे उत्तरे बऱ्याचदा बरोबरच येतात.

'प्रत्येक मुलाने एक पुस्तक वाचले' याचे दोन अर्थ होतात, सगळ्यांनी एकच पुस्तक किंवा ज्याने त्याने आपापले, हे पुष्कळदा सांगितले जाते. माझ्या मते मराठीत त्याहून महत्त्वाचे वाक्य आहे "सगळे सभासद आले नाहीत." 'नाही' बाहेर घेतले तर काही आले नाहीत. 'सगळे' बाहेर घेतले तर कोणीच आले नाही. माझ्या कानाला पहिला अर्थ आधी ऐकू येतो, पण दुसराही चूक नाही. प्रणालीने दोन्ही सूत्रे तयार करून दोन्ही पुढे न्यावीत.

'जो-तो'ची वाक्ये मात्र जपून हाताळा. "ज्या सभासदाने पुस्तक घेतले, त्याने ते परत केले." यातले 'पुस्तक' वर दिलेल्या 'एक'च्या सूत्राने बांधले तर ते पहिल्या उपवाक्याच्या कंसातच संपते आणि पुढच्या 'ते'ला बांधायला कोणी उरत नाही. हान्स काम्प यांनी १९८१ मध्ये आणि इरेन हाइम यांनी १९८२ मध्ये स्वतंत्रपणे यावर उपाय मांडले. त्यांचे सार असे: वाक्य वाचता वाचता नव्या व्यक्ती आणि वस्तूंची नोंद एका चौकोनात करत जायचे, आणि 'जर'च्या चौकोनातल्या नोंदी 'तर'च्या चौकोनाला दिसू द्यायच्या. मराठीत 'ज्या' आणि 'त्या' हे शब्दच दोन चौकोनांच्या सीमा दाखवतात. ही सोय वाया घालवू नका.

च आणि ही

'च'साठी आधी एक गट ठरवावा लागतो: कोणामधला? आपल्या जगात तो गट सभासदांचा.

मीनाच आली: आली(मीना), आणि मीनापेक्षा वेगळा कोणताही सभासद क्ष आला नाही.
मीनाच आली नाही: मीना आली नाही, आणि मीनापेक्षा वेगळा प्रत्येक सभासद आला.
मीना आलीच नाही: मीना आली नाही. एवढेच. येण्याची अपेक्षा होती ही छटा आहे, पण रवीबद्दल काही नाही.

नियम असा दिसतो: 'च' ज्या पदाला चिकटतो त्याच्या जागी गटातले बाकीचे घालून बघायचे आणि त्यांच्यासाठी उरलेले वाक्य खोटे आहे असे म्हणायचे. दुसऱ्या वाक्यात उरलेले वाक्य 'आली नाही' हे आहे, म्हणून ते खोटे म्हणजे 'आला'. 'च' क्रियापदाला चिकटला की हा नियम लावायचा नाही. म्हणजे प्रत्यय सोडवताना 'च' कोणाला चिकटला होता ही माहिती शेवटपर्यंत सांभाळावी लागते. कित्येक पद्धतींत मजकूर 'स्वच्छ' करताना असे शब्द पहिल्या पायरीलाच काढून टाकतात. मला ते पटत नाही.

'ही' वेगळ्या प्रकारचा. "मीनाही आली" यात मीना आली हे सांगितले आहे, आणखी कोणी तरी आले हे गृहीत धरले आहे. "मीनाही आली का?" असा प्रश्न केला तरी ते गृहीत जागचे हलत नाही. म्हणून प्रत्येक वाक्यासाठी दोन खाने ठेवा, सांगितलेले आणि गृहीत. नकार आणि प्रश्न पहिल्या खान्यावर चालतात. पण "मीनाही आली नाही" यात गृहीत बदलते: आणखी कोणी तरी आले नाही. इथे 'ही' नकारासकट अख्ख्या विधानाला लागतो, तो क्रम कोडमध्ये वेगळा लिहा. 'कोणीही'ला तर स्वतंत्र नोंदच हवी, कारण "कोणीही आले नाही" आणि "कोणीही येऊ शकते" यांत तो दोन टोकांचे अर्थ देतो.

निष्कर्ष काढणारा भाग

हा भाग स्वतः लिहायची गरज नाही. पायथनच्या एनएलटीके या संग्रहात सूत्रे वाचणारा आणि सिद्ध करणारा भाग आहे. त्यात चलांची नावे एकेका रोमन लहान अक्षराने द्यावी लागतात, आणि 'ई' हे अक्षर घटनेच्या चलासाठी राखलेले आहे हे लक्षात असू द्या.

आत काय चालते ते एकदा कागदावर करून बघा. गृहीत: प्रत्येक सभासदाने अर्ज भरला, मीना सभासद आहे. तपासायचे: मीनाने अर्ज भरला. युक्ती अशी की तपासायच्या वाक्याचा नकार गृहीतांत मिसळायचा आणि विसंगती शोधायची.

१. क्ष सभासद नाही, किंवा क्षने अर्ज भरला.
२. मीना सभासद आहे.
३. मीनाने अर्ज भरला नाही.

क्षच्या जागी मीना घाला. पहिल्या आणि तिसऱ्या ओळीतले 'भरला' आणि 'भरला नाही' एकमेकांना खातात, उरते "मीना सभासद नाही." ते दुसऱ्या ओळीशी भिडते आणि हातात काहीच उरत नाही. विसंगती सापडली, म्हणजे मूळ वाक्य निघते. जॉन अॅलन रॉबिन्सन यांनी १९६५ मध्ये मांडलेली ही पद्धत.

तीन उत्तरांसाठी ही खटपट दोनदा करा. वाक्य सिद्ध झाले तर 'निघते', त्याचा नकार सिद्ध झाला तर 'विरुद्ध', दोन्ही झाले नाही तर 'सांगता येत नाही'. वेळेची मर्यादा घालायला विसरू नका. या तर्कशास्त्रात प्रत्येक प्रश्नाचा निकाल लावणारी यांत्रिक रीत असूच शकत नाही, हे चर्च आणि अॅलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्येच दाखवले आहे. शिवाय शेजारी एक प्रतिउदाहरण शोधणारा भागही चालवा: दोन-तीन माणसांचे असे जग की जिथे गृहीते खरी आणि तपासायचे वाक्य खोटे. ते सापडले की 'निघत नाही' एवढे खात्रीने म्हणता येते, आणि तपासायचे वाक्य खरे असलेले दुसरे जगही सापडले की 'सांगता येत नाही' हेही.

आता "मीनाच आली नाही, रवी सभासद आहे, रवी आला का?" हे चालवा. उत्तर येईल "सांगता येत नाही", आणि तुम्ही तासभर 'च'चे सूत्र तपासत बसाल. दोष सूत्रात नसतो. रवी आणि मीना या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत हे यंत्राला कोणी सांगितलेलेच नसते. तर्कशास्त्राला एकाच व्यक्तीची दोन नावे चालतात. "रवी मीनापेक्षा वेगळा" ही एक ओळ घाला, उत्तर लगेच "हो" येते. वेगळी नावे म्हणजे वेगळ्या व्यक्ती असे धरणारी सोय एनएलटीकेमध्ये आहे, ती पहिल्या दिवसापासून सुरू ठेवा.

शब्दांमधली नाती आणि आकड्यांचे शब्द

"रवीने गुलाब आणला" यावरून "रवीने फूल आणले" निघायला गुलाब हे फूल आहे हे ठाऊक हवे. त्यासाठी शब्दजाळी असतात. प्रिन्स्टनमध्ये जॉर्ज मिलर यांनी १९८० च्या दशकात सुरू केलेले इंग्रजी वर्डनेट हे पहिले मोठे उदाहरण, आणि आयआयटी मुंबईत मराठीसाठीही वर्डनेट तयार झाले आहे. मात्र शब्द नुसते बदलून टाकू नका. "रवीने फूल आणले नाही" यावरून "गुलाब आणला नाही" निघते, दिशा उलटते. 'प्रत्येक'च्या पहिल्या जागीही तसेच: "प्रत्येक फूल सुकले" म्हणजे "प्रत्येक गुलाब सुकला". नाते सूत्र म्हणून गृहीतांत घातले, तर दिशा तर्कशास्त्र आपोआप सांभाळते.

शब्दजाळात नसलेल्या शब्दांसाठी दुसरा मार्ग आहे. शब्द कोणाच्या संगतीत येतो त्यावरून तो ओळखावा, असे जे. आर. फर्थ यांनी १९५७ मध्ये म्हटले होते. समजा एका मजकुरात 'पाणी', 'काठ' आणि 'न्यायालय' हे शब्द जवळपास किती वेळा आले ते मोजले: नदीसाठी ८, ६, ०; ओढ्यासाठी ४, २, ०; कायद्यासाठी १, ०, ९. नदी आणि ओढा यांचे आकडे जोडीजोडीने गुणून बेरीज करा: ३२ अधिक १२, म्हणजे ४४. नदीच्या आकड्यांची लांबी म्हणजे त्यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ: १००चे वर्गमूळ, १०. ओढ्याची २०चे वर्गमूळ, सुमारे ४.४७. ४४ला या दोन लांबींच्या गुणाकाराने भागले की सुमारे ०.९८. नदी आणि कायदा यांचा तोच हिशेब ८ भागिले ९०.५५, म्हणजे ०.०९. १ च्या जवळ म्हणजे एका दिशेचे शब्द. २०१३ मध्ये आलेल्या वर्ड-टू-व्हेक या पद्धतीने हे आकडे मोजण्याऐवजी शिकून काढले. बर्टसारखी मॉडेले शब्दाला वाक्यागणिक वेगळा व्हेक्टर, म्हणजे अशी आकड्यांची ओळ, देतात, त्यामुळे "वर बघ", "वर मागितला" आणि "वर पसंत पडला" यांतले तीन 'वर' वेगळे राहतात.

या साधनाचा मला आदर आहे, पण त्याची जागा ओळखून. 'गरम' आणि 'थंड' एकाच संगतीत वावरतात, म्हणून ते जवळ येतात. त्याच कारणाने "मीना आली" आणि "मीना आली नाही" यांचे वाक्यव्हेक्टरही बऱ्याचदा शेजारी बसतात. जवळीक म्हणजे विषय एक असणे, निष्कर्ष निघणे नव्हे. व्हेक्टरला उमेदवार शोधू द्या, निकाल सूत्रांना देऊ द्या.

मोठ्या मॉडेलाला कामाला लावताना

मोठे भाषामॉडेल हाताशी असेल तर त्याला वाक्याचे सूत्र करायला सांगा, उत्तर द्यायला सांगू नका. मग सूत्र तपासा: कंस जुळतात का, विधेयांच्या जागा चौकटीइतक्याच आहेत का, प्रत्येक चल बांधलेला आहे का. त्यानंतर सूत्रावरून पुन्हा साधे मराठी वाक्य करून घ्या आणि मूळ वाक्याशेजारी ठेवून स्वतः वाचा. 'च' हरवला असेल तर इथे दिसतो.

थेट उत्तरे देणारे मॉडेल तपासायचे असेल तर एक प्रयोग जरूर करा: गृहीत वाक्य लपवून फक्त तपासायचे वाक्य द्या. इंग्रजीतल्या एसएनएलआय या २०१५ च्या संचात सुमारे ५,७०,००० जोड्या आहेत. गृहीत न बघताच त्यातली सुमारे ६७ टक्के उत्तरे बरोबर देता येतात, हे २०१८ मध्ये दिसून आले. तीन पर्यायांत निव्वळ नशिबाने ३३ टक्क्यांच्या आसपास जमायला हवीत. जोड्या लिहिणाऱ्या माणसांनी विरोध दाखवायला 'कोणीही नाही' सारखे शब्द वारंवार वापरले होते आणि मॉडेल तेवढेच शिकले होते. तुमच्या पन्नास जोड्यांतही 'विरुद्ध'ची सगळी वाक्ये 'नाही'ने संपत नाहीत ना, ते बघा.

चुकलेली जोडी सुधारली की काढून टाकू नका, यादीत राहू द्या. पुढचा बदल कधी तिला पुन्हा मोडेल ते सांगता येत नाही. माझ्या यादीत सध्या सर्वांत वर आहे ती ही: "मीनाशिवाय कोणी आले नाही." यावरून "मीना आली" निघते का? ऐकणारा लगेच हो म्हणतो. सूत्र नुसते लिहिले तर फक्त मीनापेक्षा वेगळे कोणी आले नाही एवढेच हाती येते, आणि "मीनाशिवाय कोणी आले नाही, आणि मीनाही दारापर्यंतच आली" असे कोणी म्हटले तर मला त्यात विसंगती ऐकू येत नाही. सध्या 'मीना आली' हे मी सांगितलेल्याच्या खान्यात न ठेवता तिसऱ्या खान्यात ठेवले आहे: पुढे कोणी खोडेपर्यंत खरे.